मुंबईच्या जुन्या वास्तूंची निगा

ज्या मुंबईत वीतभर जागेपायी दावे-फिर्यादी होतात, तेथे शतकापूर्वीची दगडी इमारत केवळ मालकाच्या मर्जीवर टिकेल ही आशा व्यर्थ आहे, हे ओळखूनच 1995 साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली अंमलात आली. तिच्या अन्वये वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पैकी राष्ट्रीय महत्त्वाच्या पहिल्या श्रेणीत जतनापुरताच अपरिहार्य बदल चालतो, पुढील श्रेणींत मात्र फेरफारास उत्तरोत्तर अधिक मुभा आहे. परवानगीचा हुकूम महापालिका आयुक्तांचा असला, तरी तत्पूर्वी तज्ज्ञांच्या वारसा संवर्धन समितीची मसलत घेतली जाते.

निर्बंधांमुळे बांधकामाचा जो हक्क मालकास जागेवर बजावता येत नाही, तो हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने अन्यत्र वापरण्याची वा विकण्याची तजवीजही नियमावलीत आहे.

तथापि खरी कसोटी गवंड्याच्या थापीशी लागते. मालाडच्या पिवळसर दगडांचे सांधे चुन्याऐवजी सिमेंटने भरले, तर भिंतीतील ओल सांध्यावाटे बाहेर पडण्याऐवजी दगडातच कोंडते आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून चुन्याचे काम जाणणारा कारागीर मिळणे, हे दफ्तरातील मंजुरीइतकेच अगत्याचे आहे.