कडक स्प्रिंग आणि पक्की गाडी



वेगवान गाडी वळणावर अधिक चांगली चालावी म्हणून तिचे सस्पेन्शन कसे सुधारावे, यावर मी थोडे बोलणार आहे. गाडी जितकी खाली बसवावी आणि स्प्रिंगा जितक्या कडक कराव्या, तितकी ती रस्ता धरून चालते, अशी पुष्कळ तरुणांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी जिवावर बेतू शकते.

जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ घ्या. ही दोन आसनी गाडी १९८९ साली बाजारात आली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन सुमारे १,००० किलो. मूळ स्प्रिंगा मऊ, म्हणून हौशी मालक प्रथम त्यांनाच हात घालतात.

आता थोडे गणित करू. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.४ मीटर धरा. वळणावरचा आडवा जोर वजनाच्या ०.७ पट असेल, तर आतल्या चाकांवरचा २५० किलो भार बाहेरच्या चाकांवर जातो. स्प्रिंगा कितीही कडक केल्या तरी हा आकडा फारसा हलत नाही. गाडी कमी कलते, इतकेच. आणि टायरचा स्वभाव असा की, भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही.

काहीजण पैसे वाचवण्यासाठी स्प्रिंगचे वेटोळे कापतात. सहापैकी एक कापले की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण चाकाला वर सरकायला जागा उरत नाही. या गाडीत ती मुळातच थोडी. भर वळणात मागचे बाहेरचे चाक रबरी ठोकळ्यावर आदळते, तिथला कडकपणा क्षणात वाढतो आणि गाडीचा मागचा भाग निसटतो. सावरायला वेळच मिळत नाही. मुलाने गाडी खाली बसवून आणली, तर पालकांनी रागावण्याआधी एवढे जरूर विचारावे: चाकाला वर जायला जागा किती उरली?

खरी सुरुवात चांगले टायर आणि झिजलेले बुश यांपासून करावी. नंतर शॉकअब्सॉर्बर. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर शॉकअब्सॉर्बरचा रोधही सुमारे १.४ पट हवा. नाहीतर गाडी खड्ड्यानंतर उड्या मारत राहते, आणि उडालेले चाक वळत नाही. अँटी-रोल बार शेवटी. पुढचा जाड केला तर गाडी वळणाबाहेर ओढते, मागचा जाड केला तर शेपूट सुटू लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. एमएक्स-५ मध्ये ते चारही चाकांना बसवता येतात. ते काम अगदी शेवटी, चालकाच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवून करून घ्यावे.