पुडी, विडी आणि कायदा

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. बँकेत कारकून आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की सतरा वर्षे मी तळहातावर तंबाखू मळली, जोडीला सुपारी चघळली आणि गेली नऊ वर्षे दोन्हीला हात लावलेला नाही. चौथीत असताना वडील मला कोपऱ्यावरच्या टपरीवर पुडी आणायला पाठवीत. पुडी आली की आई त्यातली थोडी तव्यावर भाजून मशेरीसाठी बाजूला काढी. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. उलट, धावत जाऊन पुडी आणणारा मुलगा कामाचा समजला जाई.

आज तसे घडले तर टपरीवाला गुन्हेगार ठरतो. 2003 च्या केंद्रीय कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळा-महाविद्यालयापासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, ती विकण्यास मनाई आहे. हा कायदा सहज झालेला नाही. त्याआधीचा कायदा 1975 चा. त्याने पाकिटावर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे केले, पण ते फक्त सिगारेटच्या पाकिटावर. विडीचा कट्टा, जर्दा, पुडी यांना ते लागू नव्हते. सिगारेट कोण ओढत होते आणि विडी कोण, हे तुम्हांला सांगायला नको. ज्याला वाचता येत होते त्याला शासनाने सावध केले. आमच्या वडिलांना केले नाही. पाकिटावर चित्ररूप इशारा यायला 2009 चा मे महिना उजाडला, आणि 1 एप्रिल 2016 पासून तो पाकिटाच्या 85 टक्के भागावर आला. सुटी विडी घेणाऱ्याला मात्र पाकीट दिसतच नाही. म्हणून महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट व विडीच्या विक्रीवर बंदी घातली. ती किती पाळली जाते ते आपण रोज पाहतोच.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचेही तसेच. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला. पुढे 2 ऑक्टोबर 2008 पासून कडक नियम आले व 200 रुपयांपर्यंत दंड ठरला. आमच्या बँकेत तो फलक लावलेला आहे. त्या फलकाच्या अगदी खाली, जिन्याच्या कोपऱ्यात, भिंत लालभडक आहे. आमच्या शाखेत विडी ओढताना मी वर्षानुवर्षे कोणाला पाहिलेले नाही, पण तो कोपरा दर दिवाळीला रंगवावा लागतो.

हा काही एका बँकेचा प्रकार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. 2009-10 मध्ये हे प्रमाण 31.4 टक्के होते, म्हणजे घट झाली, आणि ती धोरणाच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. परंतु त्यात धूम्रपान करणारे होते फक्त 3.8 टक्के, आणि तोंडात ठेवणारे, चघळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. फलक धुराविरुद्ध आणि रोग गालात! आपल्या मालेगावात तर मागावर सुताचा तंतू उडत असतो, तिथे विडी पेटवणे धोक्याचे. मग कामगार पाळी काढण्यासाठी पुडीच गालात धरतो.

गुटख्याबाबत महाराष्ट्राने पुढाकार घेतला हे खरे. 2002 मध्ये पहिली बंदी आली. 2004 साली ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, कारण असा अधिकार राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला नाही असे ठरले. पुढे 2011 च्या केंद्रीय नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई केली आणि त्या आधारे जुलै 2012 मध्ये गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली. ती एकेका वर्षापुरती काढतात व वाढवतात. तरीही पुडी मिळते. फक्त समोर टांगलेली नसते, मागावी लागते. माझ्या मते बंदीचा एवढा तरी उपयोग झालाच, की चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर ती लोंबकळत नाही.

आता विडीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण इथे आपला धर्मसंकटाचा भाग आहे. विडीवरचा कर कायमच सिगारेटपेक्षा कमी राहिला. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर वेगळा उपकर बसला, विडीवर बसला नाही. कारण सांगितले जाते ते विडी वळणाऱ्या गरीब बायांचे. आपल्या जिल्ह्यातच सिन्नरला हा धंदा वाढला. विदर्भात तर आपल्या समाजाची कित्येक घरे त्यावर चालली. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या कामठीच्या बाबू हरदासांनी 1930 च्या दशकात याच विडी कामगारांची संघटना बांधली. 1937 साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले आणि 1939 मध्ये, जेमतेम पस्तिशीत, क्षयाने वारले. त्यांचा लढा मजुरीसाठी होता, विडीच्या प्रसारासाठी नव्हे. आज कामगाराचे नाव पुढे करून विडी स्वस्त ठेवली जाते, आणि स्वस्त विडी ओढतो तोही कामगारच. त्या बायांना दुसरे काम द्या, मग कर वाढवा, असे माझे म्हणणे आहे. नुसता कर वाढवा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मी कसा सोडलो ते विद्यार्थी नेहमी विचारतात. एका दंततपासणी शिबिरात डॉक्टरांनी तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. माझी दोन गेली. नऊ वर्षांनंतर आजही अडीचच जातात. आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही. 1800-11-2356 हा शासनाचा मोफत क्रमांक आहे, तो वहीत लिहून घ्या. घरी वडिलांना द्या, आजीलाही द्या. मशेरी हीसुद्धा तंबाखूच.

शेवटी या स्मरणिकेविषयी. आपल्या जुन्या अंकांत जर्द्याच्या दुकानांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ आहेत. तेव्हा कोणाला काही वाटले नाही. यंदा एका व्यापाऱ्याने पूर्ण पानाची जाहिरात देऊ केली. नाव वेलदोड्याचे, पण वेष्टन, रंग आणि अक्षरे सगळी गुटख्याच्याच पुडीची. समितीत दीड तास चर्चा झाली. पैसे वसतिगृहाच्या वह्यांना लागणार होते, त्यामुळे ‘घेऊन टाका’ म्हणणारे वाईट माणसे नव्हते. अखेर दोन मतांनी नकार ठरला. त्या पानाचे पाच हजार रुपये अजून कमी पडत आहेत. पावतीपुस्तक माझ्याजवळ आहे. सभा संपल्यावर मी दाराशी बसतो.

जय भीम.