तुषार संचाची दिवाळीआधीची तपासणी

बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगाव फिरते, तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणी भेटतातच. आज विषय जरा वेगळा आहे. कर्ज, हप्ते, मीटिंग हे सगळं बाजूला ठेवून आज आपण पाइपांबद्दल बोलू. रब्बीला पाणी देणाऱ्या तुषार संचाबद्दल, म्हणजे आपल्या स्प्रिंकलरबद्दल.

आधी आमच्याच गटाची फजिती सांगते. गटाने अंतर्गत कर्जातून एक संच घेतला. 25 पाइप आणि 5 नोझल. सभासदांना भाड्याने द्यायचा, भाडं गटात जमा करायचं. पहिल्या वर्षी छान चाललं. हरभरा निघाल्यावर ज्या मावशीकडे संच शेवटी होता, तिच्या गोठ्यात तो पडून राहिला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कुणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, तसं झालं.

डिसेंबरमध्ये एका ताईचा गहू पाण्यावर आला. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. गव्हाचं हे सगळ्यात महत्त्वाचं पाणी. तिने संच नेला, जोडला, मोटार सुरू केली, तर प्रत्येक जोडातून कारंजी! 25 पैकी 14 रबर रिंगा उंदरांनी कुरतडल्या होत्या. ताई तालुक्याला गेली, तर दुकानदार म्हणाला, "घरातल्या माणसाला पाठवा, तुम्हाला माप कळायचं नाही." माप तिला पाठ होतं, 75 मिलिमीटर. पण रिंगा शिल्लक नव्हत्या. त्या येईपर्यंत आठवडा गेला. तिच्या विहिरीला मोकाट पाणी देण्याइतकं पाणी नव्हतं. गव्हाला फुटवे कमी आले आणि पोती कमी भरली. नुकसान तिचं झालं, चूक मात्र आम्हा सगळ्यांची होती.

म्हणून आता आमचा नियम आहे. दिवाळीची साफसफाई काढली की संचाचीही काढायची. निम्मा दिवस पुरतो. कसं करायचं ते सांगते.

पहिलं, सगळे पाइप अंगणात आणा, मोजा आणि वहीत लिहा. पाइपात हात घालू नका. आत विंचू, साप, उंदराचं घरटं काहीही असू शकतं. एक टोक उचलून काठीने ठोका, जे असेल ते बाहेर पडेल.

दुसरं, रबर रिंगा. काढताना कोणतं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा. उलटी बसवली तर पाणी गळणारच. साबणाच्या पाण्याने धुवा, ताणून बघा. चीर दिसली की बदला. बसत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर खराब होतं. साबणाचं पाणी लावलं की सहज सरकते. जोडाच्या खाचेतली मातीही पुसून घ्या.

तिसरं, नोझल. भोक बुजलं असेल तर तार किंवा खिळा घालू नका. भोक मोठं झालं की पाणी जास्त जातं आणि दाब कमी होतो. खराट्याची काडी पुरे. डोकं हाताने फिरवून बघा, स्प्रिंग ताठ आहे का ते बघा. इथेही तेल नको. नोझलच्या बुडाशी वायसर असतो. तो झिजला असेल तर बदला.

चौथं, चाचणी. शेवटच्या पाइपाचं टोपण काढून मोटार सुरू करा. स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, मग बंद करून टोपण लावा आणि पुन्हा सुरू करा. नोझलची नळी सरळ उभी हवी. मोठे थेंब जवळच पडत असतील तर दाब कमी आहे. गळती शोधा, नाहीतर एखादं नोझल कमी करा. पाणी धुक्यासारखं उडत असेल तर दाब जास्त आहे.

आता आपली घरगुती युक्ती. एकाच मापाचे डबे नोझलच्या मधल्या जागेत ठेवा आणि तासभर संच चालवा. डब्यांत साधारण सारखं पाणी हवं. एक भरलेला आणि एक कोरडा असेल तर नोझलमधलं अंतर कमी करा. वारा असताना हे करू नका. पाणीही वारा पडल्यावरच द्या. हरभऱ्याला तर मोजूनच द्या, जास्त झालं तर तो उभळतो.

एक गोष्ट जिवाची आहे. पाइप हलवण्याआधी मोटार बंद करायची. विजेच्या तारेखाली पाइप उभा धरायचा नाही. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावायचा नाही. रात्रीची लाईट असेल तर एकटीने जाऊ नका. बॅटरी आणि बूट हवेतच.

बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्याआधी पाइपातलं पाणी काढून टाकतात, कारण ते गोठलं की पाइप फुटतो. आपल्याकडे ती भीती नाही. आपला शत्रू ऊन आणि उंदीर. म्हणून हंगाम संपला की पाइप धुवून, उताराला लावून, सावलीत रचा. रिंगा आणि नोझल झाकणाच्या डब्यात ठेवा. खताच्या पोत्यांजवळ काही ठेवू नका.

आमच्या गटात आता भाड्यातले थोडे पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवतो. दहा रिंगा आणि काही वायसर कायम शिल्लक असतात. संच देताना आणि घेताना मोजून सही होते. आणि त्या ताई? जोड बसवायला आता शेजारचे पुरुषसुद्धा त्यांनाच बोलावतात.

येत्या मीटिंगला तुमच्या गटात एकच प्रश्न विचारा, "आपला संच कुठे आहे?" उत्तर यायला वेळ लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात पाइप आणा. नमस्कार.