घर ते शाळा : विशेष बालकांच्या वाटेचा विचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळा म्हटली की इमारत, वर्गखोल्या, शिक्षक आणि पुस्तके यांचा विचार प्रथम मनात येतो. दानशूर व्यक्ती वर्गखोली बांधून देतात, पाण्याची टाकी बसवितात, ग्रंथालयास कपाटे देतात आणि त्यांची नावे कोनशिलेवर कृतज्ञतेने कोरली जातात. मात्र घराचा उंबरठा आणि शाळेचा उंबरठा यांच्यामधील अंतर कोणी भरून काढायचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धडधाकट मुलाच्या बाबतीत तो विचारण्याची गरजही फारशी पडत नाही. परंतु ज्या बालकाला चालता येत नाही, दिसत नाही, ज्याला बौद्धिक अक्षमता आहे किंवा जे स्वमग्न आहे, त्याच्या शिक्षणाचे भवितव्य अनेकदा याच अंतरावर ठरते. माता कडेवर घेऊन मुलास शाळेत पोहोचविते. मूल दहा-बारा वर्षांचे झाले, त्याचे वजन वाढले, की तिची शक्ती अपुरी पडू लागते आणि शाळा सुटते. शाळेचे दार उघडे असते, शिक्षकही हजर असतात. केवळ वाट बंद झालेली असते.

या वाटेची जबाबदारी कोणाची, याचे स्पष्ट उत्तर कायद्याने देणाऱ्या देशांमध्ये इंग्लंडचा उल्लेख करावा लागेल. तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेस कौन्सिल म्हणतात. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद वा महानगरपालिका यांच्याप्रमाणे शिक्षण, रस्ते, समाजकल्याण आदी कामे तिच्याकडे असतात. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या पात्र मुलांना घरापासून शाळेपर्यंत विनामूल्य नेण्या-आणण्याचे कर्तव्यही तिचेच आहे.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक शाळा मंडळांना शिक्षणाची सक्ती करण्याचा अधिकार दिला. त्याच कायद्यात अशीही सोय होती की, मंडळाने ठरविलेल्या आणि तीन मैलांहून अधिक नसलेल्या अंतरात शाळाच नसेल, तर मूल न पाठविणाऱ्या पालकाचे ते वाजवी कारण मानावे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने आठ वर्षांखालील मुलांसाठी दोन मैल, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटर, आणि त्यावरील मुलांसाठी तीन मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर, ही पायी चालण्याची मर्यादा निश्चित केली. त्यापलीकडे शाळा असून वाहनाची सोय झाली नसेल, तर पालकास दोषी धरता येत नसे. पालकाच्या बचावासाठी आखलेली ही रेषा पुढे कौन्सिलच्या कर्तव्याची रेषा बनली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

तरीही बराच काळ तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली मुले शिक्षणास अयोग्य ठरवून शिक्षण खात्याच्या बाहेरच ठेवली जात. १९७० च्या कायद्याने ही भिंत पाडली आणि एप्रिल १९७१ पासून त्यांचे शिक्षण हीदेखील शिक्षण खात्याची जबाबदारी झाली. १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि १९८१ च्या कायद्याने ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही संकल्पना रूढ केली. १९९६ च्या शिक्षण कायद्यात २००६ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी मोफत प्रवासाचे आजचे नियम घालून दिले.

या नियमांचा गाभा थोडक्यात असा आहे. सक्तीच्या शिक्षणाच्या वयातील, म्हणजे ५ ते १६ वर्षांचे मूल आपल्यासाठी योग्य अशा जवळच्या शाळेत जात असेल आणि विशेष शैक्षणिक गरजा, अपंगत्व किंवा हालचालीतील अडचण यांमुळे त्याने पायी जावे अशी वाजवी अपेक्षा करता येत नसेल, तर कौन्सिलने विनामूल्य व्यवस्था केलीच पाहिजे. अशा मुलाला मैलांची अट लागू होत नाही. शाळा अर्ध्या मैलावर असली, तरी रहदारीचे भान नसलेल्या मुलासाठी ते अंतर दुर्लंघ्य ठरू शकते, हे कायद्याने मान्य केले आहे. पालक सोबत गेल्यास मूल चालू शकेल का, आणि पालकाने सोबत जावे अशी अपेक्षा वाजवी आहे का, हे प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे पाहावे लागते. इंधनखर्च घेऊन पालकानेच मुलास न्यावे असे कौन्सिल सुचवू शकते, पण पालकाच्या संमतीविना ते त्याच्यावर लादता येत नाही.

प्रत्यक्ष व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. सकाळी दारात छोटी बस किंवा टॅक्सी येते. चाकाच्या खुर्चीसाठी वाहनाच्या मागील बाजूस उचलयंत्र असते आणि खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधली जाते. गरज असेल तेथे सोबतीस मदतनीस असतो. फेफरे येणाऱ्या मुलासाठी त्यास तसे प्रशिक्षण द्यावे लागते. चालक व मदतनीस यांची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते. अनेक स्वमग्न मुलांना बदल सहन होत नाही. रोजचा चालक बदलला तरी त्यांचा संपूर्ण दिवस बिघडतो, म्हणून शक्यतो तीच माणसे आणि तोच मार्ग ठेवावा लागतो. प्रवास प्राथमिक वयाच्या मुलासाठी ४५ मिनिटांहून आणि माध्यमिक वयाच्या मुलासाठी ७५ मिनिटांहून अधिक नसावा, असे शासनाचे मार्गदर्शन सांगते. मूल शाळेत पोहोचले, पण थकून वा घाबरून काही शिकण्याच्या स्थितीतच राहिले नाही, तर त्या पोहोचण्यास अर्थ नाही, हे त्यामागील तत्त्व होय. कौन्सिलने अर्ज नाकारल्यास फेरविचाराची दोन टप्प्यांची पद्धत सुचविलेली आहे आणि तेथेही न्याय न मिळाल्यास लोकपालाकडे तक्रार करता येते.

अर्थात प्रत्येक सोयीला खर्चाची बाजू असते. शालेय प्रवासावर इंग्लंडमधील कौन्सिलांनी २०२३-२४ या वर्षात सुमारे २.३ अब्ज पौंड, म्हणजे अंदाजे चोवीस हजार कोटी रुपये खर्च केले. त्यातील मोठा हिस्सा विशेष गरजा असलेल्या मुलांवरील होता. खर्च वाढण्याची कारणे हिशेबाच्या दृष्टीने समजण्याजोगी आहेत. मुलाच्या शिक्षण, आरोग्य व संगोपन यांच्या गरजा नोंदविणारी कायदेशीर योजना, जी २०१४ च्या कायद्याने आली, ती लाभलेल्या मुलांची व तरुणांची संख्या २०१५ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार होती. जानेवारी २०२४ मध्ये ती सुमारे ५ लाख ७६ हजार झाली. जवळच्या शाळेत योग्य सोय नसली की मुलाला दूरच्या विशेष शाळेत पाठवावे लागते. पन्नास मुलांची एक बस स्वस्त पडते; एका मुलासाठी एक टॅक्सी आणि एक मदतनीस महाग पडतो. म्हणून काही कौन्सिला ठरावीक ठिकाणी मुलांना एकत्र करून नेतात, काही पालकांना प्रवासाची रक्कम देऊ करतात, तर काही मोठ्या मुलांना एकट्याने बसने प्रवास करण्याचे प्रशिक्षण देतात. हा शेवटचा मार्ग साधेल तेथे सर्वोत्तम, कारण तो मुलाला आयुष्यभराचे स्वातंत्र्य देतो. मात्र केवळ काटकसरीसाठी तो सर्वांवर सक्तीने लादणे घातक ठरेल.

या व्यवस्थेतील एक उणीवही नमूद केली पाहिजे. इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत शिक्षण वा प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे, परंतु विनामूल्य प्रवासाचे ठोस कर्तव्य १६ व्या वर्षानंतर तसेच राहत नाही. तेथून पुढे कौन्सिलने आपले धोरण जाहीर करावे, गरजा विचारात घ्याव्यात, पण शुल्क आकारता येते. मुलाची अक्षमता सोळाव्या वाढदिवशी संपत नाही. तरी अनेक कुटुंबांना त्या वर्षी पुन्हा अर्ज आणि विनवण्या यांची वाट धरावी लागते. हक्क जेथे थांबतो तेथून मेहेरबानी सुरू होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

भारतातील स्थिती काय? कायद्याची भाषा येथेही उणी नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंग मुलांच्या प्रवासाची सोय किंवा त्यासाठी पालकांना आर्थिक साहाय्य देण्याच्या योजना शासनाने कराव्यात, असे म्हटले होते. शिक्षण हक्क कायद्याखालील २०१० च्या केंद्रीय आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे शेजारशाळेचे अंतर आले आणि अपंगत्वामुळे शाळेत पोहोचू न शकणाऱ्या मुलांसाठी सुरक्षित वाहतुकीची व्यवस्था करण्याचा प्रयत्न करावा, असेही नमूद झाले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने तर शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना, तसेच अधिक आधाराची गरज असलेल्या मुलांच्या मदतनीसालाही वाहतुकीची सोय द्यावी, असे स्पष्ट केले.

परंतु कायद्यातील शब्द आणि तिजोरीतील रक्कम यांचा मेळ तपासून पाहावा लागतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या आराखड्यात प्रत्येक विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य, उपकरणे हे सर्व त्यातच भागवायचे. शाळेचे २०० दिवस धरले आणि समजा सर्व रक्कम केवळ प्रवासावर खर्च केली, तरी दिवसाला साडेसतरा रुपये पडतात. जाण्याचे पावणेनऊ आणि येण्याचे पावणेनऊ. या पैशात कोणती रिक्षा मुलाला दारातून उचलून शाळेच्या दारात सोडील, हे श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. एस. टी. च्या भाड्यात दिव्यांगांना सवलत आहे, पण ज्याला बसची पायरीच चढता येत नाही, त्याला सवलतीचा उपयोग काय?

इंग्लंडची श्रीमंती येथे आणता येणार नाही आणि ती आणण्याची गरजही नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तेथे एका मुलाच्या वाटेला एक जबाबदार धनी आहे. पालकाने कोणाकडे जायचे, उत्तर न मिळाल्यास पुढे कोठे दाद मागायची, हे ठरलेले आहे. येथे मुख्याध्यापक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे बोट दाखवितात, कार्यालय अनुदानाकडे बोट दाखविते आणि तोवर शैक्षणिक वर्ष संपून जाते.

अशा वेळी समाजातील संस्थांचे कर्तव्य दुहेरी आहे. पहिले, आपल्या गावातील विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी करून त्यांच्या पालकांना प्रमाणपत्र, अर्ज आणि भत्ता मिळविण्यास साहाय्य करणे. कारण कायद्याने दिलेला हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही. दुसरे, शासनाची रक्कम आणि रिक्षाचे प्रत्यक्ष भाडे यांतील तफावत दरमहा भरून काढणे. एकाच रस्त्यावरील तीन-चार मुलांसाठी एक विश्वासू रिक्षाचालक आणि एक सोबतीण ठरविली, तर मुलामागे येणारा खर्च एखाद्या मध्यम समारंभाच्या तुलनेत अगदी अल्प ठरतो. चाकाची खुर्ची देण्याचा कार्यक्रम एका दुपारी पार पडतो, छायाचित्रेही निघतात. वाहनाचा खर्च मात्र दहा महिने, दररोज, दोन वेळा करावा लागतो आणि त्याची कोनशिला बसत नाही. परंतु ती खुर्ची शाळेत पोहोचते की घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडते, हे या नित्याच्या खर्चावरच अवलंबून असते.

पन्नास वर्षे अखंड कार्य करणाऱ्या संस्थेस सातत्याचे मोल कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक संकल्प सोडले जातील. त्यांत घरी बसून राहिलेल्या एखाद्या बालकाची शाळेची वाट पुन्हा सुरू करण्याचा संकल्प असावा आणि येत्या जून महिन्यात, शाळेच्या पहिल्याच दिवशी, त्याच्या दारात रिक्षा उभी राहावी, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र.