नवा कॉकाटील घरात रुळताना

(नौपाडा, ठाणे येथे पक्षी पाळणारी कुटुंबे आणि परिसरातील शेतकरी-बागायतदार यांच्यापुढे केलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवते; पक्ष्यांची डॉक्टर नव्हे. तरीही या विषयावर बोलायला उभी आहे, कारण दाण्याची पारख असलेल्या माझ्याच घरात एक पक्षी भरल्या वाटीपुढे उपाशी राहिला. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

दुकानात ज्याला 'कॉकटेल' म्हणतात तो कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. तिकडच्या कोरड्या मुलखात तो गवताचे बी आणि पाणी शोधत थव्याने फिरतो. आपल्याकडे पोपट उतरतात तसे त्याचे थवे ज्वारी-सूर्यफुलावर उतरतात. तिकडचा शेतकरी त्याला हाकलतो, आपण पैसे मोजून घरी आणतो! चांगली निगा राखली तर तो १५ ते २० वर्षे जगतो. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो थव्याचा पक्षी आहे, म्हणून एकटा पडला की घाबरतो. आणि ससाण्या-घारीच्या भक्ष्याची त्याची जात आहे, म्हणून दुखणे होईल तितके लपवतो.

आणण्यापूर्वी

आपल्याकडचे पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. कॉकाटील हा परदेशी आणि पिंजऱ्यात पैदास होणारा पक्षी आहे. तो घेताना पावती घ्यावी.

दिवसही पाहून निवडावा. दहीहंडी, गणपती, दिवाळी किंवा पाडव्याची स्वागतयात्रा तोंडावर असताना नौपाड्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत नवा पक्षी आणू नये. ढोल-ताशा आणि फटाक्यांनी तो बिथरतो.

पिंजरा निदान ६० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. उंच असावा. गजांतील अंतर दीड सें.मी.च्या आसपास ठेवावे. बसायला पेरूची किंवा कडुनिंबाची, फवारणी न झालेली, बोटभर जाडीची फांदी धुऊन लावावी. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून ठेवावा. चारी बाजू उघड्या असल्या तर पक्ष्याला पाठ टेकायला जागा उरत नाही. स्वयंपाकघरात पिंजरा नको. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल हीसुद्धा दूर ठेवावीत.

घरात कोंबड्या किंवा दुसरे पक्षी असतील तर नवा पक्षी निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. त्याला हात लावल्यावर हात साबणाने धुवावेत.

पहिला आठवडा

भाताची लावणी केल्यावर रोप काही दिवस पिवळे, मलूल दिसते. मूळ धरले की नाही हे पाहायला ते कोणी उपटून बघत नाही. नव्या पक्ष्याचेही तसेच आहे. दाणा-पाणी द्यावे, हळू आवाजात बोलावे आणि त्याला एकटे सोडावे. पाहुण्यांना आणि शेजारच्या मुलांना आठ दिवसांनी बोलवावे. रात्री १० ते १२ तास झोप मिळू द्यावी. अंधारात हा पक्षी दचकून फडफडतो आणि पंख दुखावून घेतो. खोलीत मंद दिवा असावा.

पण एकटे सोडणे म्हणजे लक्ष न देणे नव्हे. माझी चूक नेमकी इथे झाली. आमचा पहिला पक्षी दोन दिवस ओरडला आणि मग शांत झाला. 'रुळला' असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. वाटी तर भरलेली दिसत होती. एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसलेला आढळला. वाटीवर फुंकर मारली, तर वरचा सारा थर उडून गेला. कॉकाटील दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वाटीत होती ती निव्वळ फोलपटे. पशुवैद्याकडे नेले, पण तो वाचला नाही. वर्गात मी दाणा आणि फोलपट यांतला फरक शिकवत होते आणि घरातली वाटी मात्र पाखडून पाहिली नव्हती.

म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ वाटीवर फुंकर मारावी. तळाला वर्तमानपत्र घालावे आणि विष्ठा पाहावी. ती हिरवट व पांढरी असते. विष्ठा एकदम कमी झाली तर पक्षी खात नाही असे समजावे. पक्षी हाताळला की स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवावे. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याचे १० ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा-सात किलो घटणे होय. दिवसा फुगून बसणे, श्वासागणिक शेपूट हलणे, तळाशी उतरणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

दाणा

पहिले दोन आठवडे दुकानात जो दाणा खात होता तोच द्यावा. मग हळूहळू राळा, बाजरी, वरी यांचे मिश्रण आणि धुतलेली कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर सुरू करावे. सूर्यफुलाचे बी तेलकट असते, ते मोजकेच घालावे. मीठ, चहा, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो कधीही देऊ नये.

शेतकरी बंधूंना एक खास सूचना. पेरणीसाठी आणलेले, औषध लावलेले रंगीत बियाणे उरले म्हणून पक्ष्याला घालू नका. ते विष आहे. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत दाण्याला बुरशी लागते. दाणा उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि कुबट वास आला तर टाकून द्यावा.

मैत्री

आठ दिवसांनंतर रोज पिंजऱ्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचावे. तुरा ताठ असेल तर तो घाबरलेला किंवा सावध आहे. तुरा डोक्याला चिकटवून फुत्कारत असेल तर हात मागे घ्यावा. तुरा सैल आणि चोच हळूच घासण्याचा आवाज, हे समाधानाचे लक्षण. मग राळ्याचे कणीस गजांतून धरावे. ते तो खाऊ लागला की हातावर दाणे द्यावेत, आणि शेवटी बोट पायांच्या जरा वर, पोटाला टेकवावे. तो आपण होऊन चढेल. कोणाला आठवडा लागतो, कोणाला दोन महिने. मुठीत धरून माया लागत नाही. बाहेर सोडण्यापूर्वी पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि आरसा झाकावा.

आज आमच्याकडे दुसरा कॉकाटील आहे. तो शीळ घालतो आणि माझ्या खांद्यावर बसतो. तरीही रोज सकाळी चहाच्या आधी मी त्याच्या वाटीवर फुंकर मारते. घरी गेल्यावर तुम्हीही मारून पाहा.