डॉक्टरांची शंका, मोहल्ल्याची शंका



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. लस शरीरात काय काम करते हे समजावून सांगणारी माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. मला बोलायचंय ते लसीबद्दलच्या शंकेबद्दल.

करोनाच्या काळात ‘लसीला घाबरणारे’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आपली वस्ती यायची. टोपी, बुरखा, अरुंद गल्ली, मोबाईलवरची अफवा. पण भारतात लसीपुढे सगळ्यांत आधी कोण बिचकलं? ज्यांना ती सगळ्यांत आधी देऊ केली गेली तेच. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, आशाताई.

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं. पहिल्या दिवशी तीन लाखांच्या आसपास आरोग्य कर्मचाऱ्यांना लस द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात घेतली सुमारे दोन लाखांनी. आता, न आलेला प्रत्येक माणूस घाबरलेला होता असं समजू नका. को-विनवर गोंधळ होता, अनेकांना मेसेजच गेले नाहीत. आपल्या महाराष्ट्रात तर त्या गोंधळामुळे दुसऱ्याच दिवशी लसीकरण तात्पुरतं थांबवावं लागलं. माझ्या धंद्यातला माणूस हे ऐकून कपाळावर हात मारतो. मेसेज न मिळालेली नर्स आणि ठरवून न आलेली नर्स आकड्यात सारखीच दिसते.

पण ठरवून न आलेलेही होतेच. त्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी आपल्या अधीक्षकांना पत्र दिलं. त्यांचं म्हणणं असं, की कोव्हॅक्सिनच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत, म्हणून आम्हाला कोविशील्ड द्या. यात वेडेपणा काय होता? कोव्हॅक्सिनला 3 जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हातात नव्हते. लस घेणाऱ्याकडून जे संमतीपत्र भरून घेत होते त्यातच लिहिलं होतं, की हिची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे. वर, कोणती लस घ्यायची हे निवडता येणार नाही, असं सरकारचं धोरण. टेस्टिंग अर्धवट असताना सॉफ्टवेअर लाइव्ह करा म्हटलं तर आम्ही मेलवर मेल टाकतो. इथे तर स्वतःचा दंड पुढे करायचा होता.

आमच्या भाभी सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. तेव्हा त्यांचं बाळ अंगावर पीत होतं. जानेवारीतली सरकारी सूचना होती, की गरोदर आणि स्तनदा मातांना लस द्यायची नाही, कारण चाचण्यांत त्यांचा समावेश नव्हता. मे महिन्यात स्तनदा मातांना परवानगी मिळाली, जुलैमध्ये गरोदर बायकांना. दरम्यान जगभरातून माहिती जमा झाली होती, निर्णय बदलायला कारण होतं. पण भाभींच्या वॉर्डात ते कारण कुणी सांगितलं नाही. आला तो फक्त नवा कागद. काल नको होती, आज घ्या. भाभी म्हणाल्या, “यांचं नक्की काय ठरलंय?” शेवटी त्यांच्याच वॉर्डातल्या एका सिस्टर बाईंनी अर्धा तास बसून समजावलं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लस घेतली.

आता नोव्हेंबर 2021 आठवा. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, मुस्लिमबहुल भागांत लसीबद्दल संकोच आहे, त्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरूंची मदत घेऊ. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण फरक बघा. डॉक्टर बिचकला की तो आकडेवारी मागतोय असं समजायचं. मालेगावची बाई बिचकली की तिला सलमान खान दाखवायचा! तिलाही भाभींसारखंच अंगावरच्या बाळाचं विचारायचं असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथपर्यंत टाळ्या सोप्या आहेत. आता आपल्याबद्दल बोलू.

दिल्लीच्या डॉक्टरांच्या शंकेला एक अट होती. आकडे दाखवा, मग बघू. 3 मार्च 2021 ला कंपनीने अंतरिम निष्कर्ष जाहीर केले, 81 टक्के परिणामकारकता. अंतिम विश्लेषणात ती 77.8 टक्के निघाली. उत्तर आलं, शंकेची मुदत संपली. आपल्याकडे काय झालं? डिसेंबर 2020 मध्ये डुकराच्या जिलेटिनची चर्चा उठली. विचारायला हरकत नव्हती, आपल्यासाठी तो खरा प्रश्न आहे. पण कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये जिलेटिन नाही, हे घटकांच्या यादीत कुणालाही वाचता येत होतं. तरी मेसेज फिरतच राहिले. जिलेटिन संपलं तर वंध्यत्व आलं, ते संपलं तर दोन वर्षांत मरणार हे आलं. उत्तर मिळाल्यावरही जी हलत नाही तिला मी शंका म्हणत नाही. कोविशील्डमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हेही पुढे समोर आलं. ते कुठल्या फॉरवर्डने शोधलं नाही. लस घेतलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांनी शोधलं.

मुंबईला हे सगळं नवीन नाही. प्लेगच्या साथीत, जानेवारी 1897 मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा तिसरे आगाखान, विशीतला तरुण, लोकांसमोर बसले आणि त्यांनी लस टोचून घेतली. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिनना निलंबित केलं गेलं, आणि दोषमुक्त व्हायला काही वर्षं लागली. म्हणजे तेव्हाही घाबरणाऱ्यांकडे दाखवायला खरी उदाहरणं होती. तरीही लस घेतलेल्यांत प्लेगचे मृत्यू कमी होते.

करोना सरला, आता हे कशाला, असं वाटत असेल तर गोवंडी आठवा. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे गोवर पसरला. मग भिवंडी, मालेगाव. मुलं दगावली. करोनात नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं होतं, दवाखाने लांब होते, हे सगळं खरं. पण काही घरांतून आशाताईंना दारातून परत पाठवलं गेलं, हेही खरं. आणि त्या आशाताईंच्या हातात घरच्यांना द्यायला उत्तरं होती का, हे कुणी विचारलं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पाच वर्षांखालचं भावंड, भाचा, भाची असेल. आज घरी गेल्यावर तिचं लसीकरणाचं कार्ड मागा. गोवर-रुबेलाचे दोन रकाने बघा, नवव्या महिन्यानंतरचा आणि सोळाव्या महिन्यानंतरचा. एखादा रिकामा असेल तर अम्मीला किंवा भाभीला लगेच रागावू नका. आधी विचारा, का राहिला?