मिर्नाचा हार आणि फळीवरची पेन्सिल

आधीच सांगतो, 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' तुम्ही खेळाडू म्हणून खेळणार असाल, तर इथेच पॉज करा आणि हा भाग तुमच्या डीएमला फॉरवर्ड करा. पुढे सगळी गुपितं फुटणार आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा स्टार्टर सेट २०१४ साली आला, त्यात हे ६४ पानांचं साहस होतं. गुंड्रेन नावाचा ड्वार्फ तुम्हाला सामानाची गाडी फँडालिन गावात पोचवायला सांगतो, स्वतः पुढे जातो, आणि वाटेत गॉब्लिन त्याला उचलून नेतात. तिथून पाचव्या लेव्हलपर्यंतचा प्रवास. नवीन डीएमने यावरच हात बसवावा, असं माझं अजूनही मत आहे.

पण छापील साहस घरी जसंच्या तसं चालत नाही. मलाही हे माहीत होतं, म्हणून मी काय केलं? नावं बदलली! फँडालिनचं फांदगाव केलं. ग्लासस्टाफ नावाचा व्हिलन आहे, त्याला काचेश्वर केलं. अख्खी एक संध्याकाळ त्यात घालवली. पहिल्या सेशनला सगळे पोट धरून हसले, दुसऱ्या सेशनला स्वतःहूनच फँडालिन म्हणायला लागले. (रोग क्लासवरचा जोक तर प्रत्येक मराठी टेबलावर होतोच. 'मला रोग झालाय.' करून घ्या एकदा, संपवा.)

आकडे बदलणं त्यापेक्षा कामाचं निघालं. पहिल्याच मारामारीत चार गॉब्लिन झाडीत दबा धरून बसलेत. विझार्डकडे आठ एचपी, गॉब्लिनचा बाण सरासरी पाचचा. दोन बाण लागले की विझार्ड आडवा, आणि बिचाऱ्याने अजून स्वतःचं नावही नीट सांगितलेलं नसतं. मी दोन गॉब्लिन काढले. एवढंच.

खरी चूक पुढे झाली.

फँडालिनमध्ये रेडब्रँड्स नावाची गुंडांची टोळी आहे. थेल डेंड्रार नावाचा गावातला लाकूड कोरणारा कारागीर त्यांना आडवा गेला, त्यांनी त्याला मारलं आणि त्याच्या बायकोला, मिर्नाला, दोन मुलांसकट तळघरात कोंडलं. थेलचा मृतदेह त्याच तळघरातल्या कपारीत पडलाय आणि नॉथिक नावाचा एकडोळ्या राक्षस तिथे राहतो. पुस्तकात हे सगळं दोन-चार ओळींत आहे.

आमची रोग खेळणारी मैत्रीण. तिचे बाबा गणपतीच्या आधी गेले होते, आणि आम्ही दिवाळीनंतर खेळायला सुरुवात केली. मला हे माहीत होतं हो, मी तिच्या घरी जाऊन आलो होतो. पण रात्री एक वाजता सेशनची तयारी करताना मी खोलीचा नंबर, सापळा, खजिना एवढंच वाचत गेलो. आणि शनिवारी टेबलावर त्या मृतदेहाचं अगदी रंगवून वर्णन केलं. आवाज वगैरे काढून.

तिने फासे खाली ठेवले आणि बाल्कनीत गेली. आम्ही चौघं चिप्सच्या पाकिटाकडे बघत बसलो. त्या दिवशी पुढे खेळलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोठा मेसेज टाकला. सॉरी म्हटलं आणि सांगितलं की मी गोष्ट बदलतोय, तो मृतदेह दुसऱ्याच कुणाचा होता, थेल जिवंत सापडेल. मला वाटलं, किती समजूतदार डीएम आहे मी. तिची व्हॉइस नोट आली, चांगलीच चिडलेली. "तू मला न विचारता मारलास, आता न विचारता उठवणार? मग तो दिसला की सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतील. त्यापेक्षा राहू दे ना मेलेला."

मग दोन दिवसांनी आम्ही चहाला भेटलो. जे मी तयारीच्या आधी विचारायला हवं होतं, ते तेव्हा विचारलं. काय चालेल, काय नको, आणि हे तू खेळणारेस का? ती म्हणाली, खेळणार. फक्त ते आवाज काढू नकोस.

पुस्तकात पुढे मिर्ना सांगते की थंडरट्री गावात तिच्या माहेरचं औषधी वनस्पतींचं दुकान होतं, तिथे फळ्यांखाली पाचूचा हार राहिलाय. रोगला तो आणायचाच होता. पण बोलता बोलता म्हणाली, "हार ठीक आहे. आम्ही घरी कॅलेंडर अजून काढलं नाहीये. त्याच्यावर बाबांनी दुधाचा हिशेब लिहिलाय."

मी घरी येऊन पान उघडलं. थंडरट्री उद्ध्वस्त गाव आहे, वेशीवर झाडांपासून आणि झोंबींपासून सावध करणारी पाटी आहे, पण बुरुजात बसलेल्या हिरव्या ड्रॅगनचा त्या पाटीवर पत्ता नाही! त्याचा विषारी श्वास सरासरी ४२ एचपी घेतो. तिसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे साधारण २८ असतात. म्हणजे इशारा मला कुठेतरी पेरायचाच होता. मग ठरवलं, थेल हा हार शोधायला आधी एकदा गुपचूप येऊन गेला असणार. आणि लाकडात काम करणारी माणसं कागद शोधत नाहीत, फळीवरच पेन्सिलने लिहितात.

मी पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. त्यावर मापं लिहिली आणि खाली: पहार आणने. दोर दहा हात. बुरुजात हिरवा मोठा, झोपलाय. मुलांना आणू नये.

शनिवारी रोगने फळी शोधली तेव्हा पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"आणणेचा ण चुकलाय."

मुद्दाम नव्हता केला, घाईत माझाच चुकला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "बाबापण असंच लिहायचे." मग बाकीच्यांकडे वळून तिच्या रोगच्या आवाजात म्हणाली, "वर ड्रॅगन आहे. हार घेतलाय. चला, पळा."

आणि आम्ही ड्रॅगनशी लढलोच नाही. आमचा फायटर त्यावरून अजून कुरकुरतो. पुठ्ठा तिने परत दिला नाही, मीही मागितला नाही. पुढच्या शनिवारी वेव्ह इको गुहा आहे. त्यात गुंड्रेनचा भाऊ मेलेला सापडतो, म्हणून आज संध्याकाळी सगळ्यांना एकेक फोन करायचाय.